सतीशरावांचा उजवा पाय

सतीशराव कुंटे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात पाना होता आणि माझा मुलगा लिफ्टमध्ये अडकला होता. शारजात रोला भागात आमची जुनी बिल्डिंग होती. तिची लिफ्ट अधूनमधून रुसायची. त्या दिवशी ती दोन मजल्यांच्या मध्येच थांबली. आत माझा विजू आणि शेजारची मल्याळी म्हातारी. म्हातारी घाबरून रडायला लागली, तर तिला धीर द्यायला हा आत गात बसला. लिफ्टच्या कंपनीने माणूस पाठवला, ते सतीशराव. आले, खाली बसले, दाराला कान लावला आणि तसेच राहिले. मी म्हटलं, अहो, ऐकताय काय, दार उघडा. तर मान न वळवता म्हणाले, "काकू, एक मिनिट. कडवं संपू दे."

हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. त्यावर मी जे बोलले ते या पुस्तकात छापता येणार नाही.

दार उघडलं. विजू घामाने थबथबून बाहेर आला. सतीशरावांनी त्याला पाणी विचारलं नाही, बरा आहेस का विचारलं नाही. लिफ्टच्या बाहेर पण तुझा आवाज असाच लागतो का, असं विचारलं. विजू म्हणाला, बाहेर जास्त बरा लागतो, आत कोंडल्यासारखा येतो. सतीशराव म्हणाले, नाही, आतलाच चांगला. पुढे पंचवीसेक वर्षं दोघांचं यावर भांडण चाललं. सतीशरावांनी मशीनमध्ये खटपट करून विजूच्या आवाजाला तो लिफ्टच्या खड्ड्यातला घुमारा दिला तो दिलाच. जोडीचं नावही तिथूनच आलं, 'मधला मजला'. आपल्यातल्या जुन्या लोकांना ते पाठ आहे. नव्यांना सांगते, ही दोनच माणसं होती. विजू गायचा, सतीशराव मशीन वाजवायचे.

आपलं मराठी मंडळ सतीशरावांच्या साठीनिमित्त हे पुस्तक काढतंय. संपादक बाईंनी माझ्याकडे लेख मागितला आणि बजावलं, आजी, भाषा आदराची ठेवा. ठेवते. मी चौथीपर्यंत शिकले, आदर त्याच्या आत शिकवतात.

साठी झाली की आपल्याकडे शांत करतात, पंगत उठते. इथे साठ पूर्ण झाली की कंपनी केक कापते आणि पाठोपाठ व्हिसा कापते. सत्काराचा कार्यक्रम झाला की सतीशराव पुण्याला जाणार, कायमचे. तेव्हा हा सत्कार आहे तसा निरोपही आहे, हे गोड शब्दांत गुंडाळायची मला गरज वाटत नाही. मंडळात जो भेटतो तो मला एकच विचारतो, कार्यक्रमात सतीशराव वाजवणार का? कारण विजू गेला त्या दिवसापासून त्यांनी त्या मशीनला हात लावलेला नाही. ती गाणी इथली, इथल्या माणसांसाठी केलेली. इथून जायच्या आत वाजली नाहीत तर खलास. पुण्यात ती कुणाच्या कामाची नाहीत. वाजवणार का ते मी सांगणार आहे. पण मागचं सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

सतीशरावांकडे कॉलेजच्या वेळेपासूनच्या काही कॅसेटी होत्या, विलायतेतल्या एका जोडीच्या. तीही दोनच माणसं. एक गातो, दुसरा पेटीसारख्या मशीनमागे उभा राहतो. ढोल ते मशीनच वाजवतं, व्हायोलिन तेच, बाजाही तेच. पाठीमागे वाजवणाऱ्यांचा ताफा नाही. मला त्यांनी व्हिडिओ दाखवला. तो मशीनवाला हलत नाही, हसत नाही, बँकेच्या रांगेत उभा असल्यासारखा. मी विचारलं, याला बरं नाहीये का? सतीशराव म्हणाले, काकू, हेच माझे गुरू. तेव्हाच मला समजायला हवं होतं की हे गृहस्थ पुढे स्टेजवर काय करणार आहेत.

पहिला सिंथेसायझर त्यांनी पगारातून घेतला. मग ढोलाचं मशीन घेतलं. त्यांच्या पत्नी नीलाताई तेव्हा इथेच होत्या, मुलांच्या शाळेसाठी त्या नंतर पुण्याला परतल्या. त्या मला म्हणायच्या, सोफा यायचा होता, त्याच्या जागी हे आलं. त्यांच्याकडे पाहुणे जमिनीवर गादीवर बसायचे आणि समोरच्या मशीनकडे बघत चहा प्यायचे.

तालीम घरात होईना. वरचे, खालचे, सगळे दार वाजवायचे. आमचे हे दुबईत रास अल खोरला एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते. शुक्रवारी शेड बंद असायची. यांनी मालकाकडून किल्ली मागून घेतली आणि मग दर शुक्रवारी ही जोडी लेथच्या मधोमध उभी. पत्रा तापलेला, ग्रीसचा वास, एक पंखा आणि तोही मशीनवर लावलेला, माणसांवर नाही. मी डबा घेऊन जायचे. मशीनचा ढोल पत्र्यावर आपटून छातीत लागायचा. मी पहिल्यांदा ऐकून म्हटलं, हे गाणं आहे की पिठाची गिरणी? आमचे हे म्हणाले, गिरणी आहे, पण सुरात आहे. यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं, मशीनमधलं कळायचं. हे वारल्यावरही मालकाने किल्ली परत मागितली नाही, हे त्याचे उपकार.

सुरुवातीला दोघं दुबईतल्या एका हॉटेलात त्या विलायती जोडीचीच गाणी करायचे. ऐकायला बहुतेक गोरे. साहेबाची गाणी साहेबालाच ऐकवायची. एकदा एक पिकलेला इंग्रज कार्यक्रमानंतर पुढे आला आणि विजूला म्हणाला, चांगलं म्हणतोस, पण हे माझ्या तरुणपणाचं आहे, तुझं कुठे आहे? विजू घरी येऊन तणतण करत होता, तो म्हातारा कोण मला विचारणारा. सतीशराव पुढच्या शुक्रवारी शेडवर आल्या आल्या म्हणाले, तो बरोबर बोलला. हॉटेल बंद झालं, मराठी गाणी सुरू झाली.

पहिला कार्यक्रम मंडळाच्या गणपतीत. आता विजूबद्दल एक गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तो आयुष्यात कुठे वेळेवर पोचला नाही. जन्मालासुद्धा उशिरा आला, डॉक्टरीणबाई वाट बघून बघून घरी जेवायला निघून गेल्या होत्या. सतीशरावांनी गाण्याची सुरुवात मशीनमध्ये मोजून मापून भरलेली. पडदा उघडला, त्यांनी बटण दाबलं, वाजायला लागलं. विजू कुठे? बटाटेवड्याच्या स्टॉलवर. तोंड पुसत धावत आला, माइक धरला, तोवर मशीन एक ओळ पुढे निघून गेलेलं. मशीन थांबत नाही. सबंध गाणं हा एक ओळ मागे आणि ते एक ओळ पुढे. दोघं शेजारी शेजारी उभे आणि गाठ पडत नाही. पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, अहो तबला आणा. नंतर पार्किंगमध्ये दोघांची चांगलीच जुंपली. विजू ओरडला की माणसासाठी थांबत नाही ते कसलं वाद्य. मला वाटलं, झालं, जोडी मोडली.

पुढच्या शुक्रवारी सतीशराव पायाने दाबायचं एक पेडल घेऊन आले. आता सुरुवात मोजलेली नव्हती. एक लहानसा तुकडा होता, तोच गोल गोल फिरत राहायचा, विजू तोंड उघडेपर्यंत. विजूने गायला श्वास घेतला की सतीशराव उजव्या पायाने पेडल दाबणार आणि गाणं पुढे सरकणार. विजूची एक खोड होती, श्वास घेताना त्याचा डावा खांदा वर जायचा. सतीशराव त्या खांद्याकडे बघत उभे राहायचे. लोकांना वाटायचं, काय घमेंडखोर माणूस, पुतळ्यासारखा उभा आहे. एकदा मीच म्हटलं, अहो जरा हला, लोक म्हणतात याला पकडून आणलंय. तर म्हणाले, मी हललो तर डोळा हलेल, काकू, आणि खांदा चुकेल.

या पुस्तकात सतीशरावांच्या गुणांवर पुष्कळ जण लिहितील. शिस्त, व्यासंग, संगीताची सेवा. लिहू देत, त्यात खोटं काही नाही. मला विचाराल तर त्यांचं मोठेपण एवढ्यातच आलं. उशिरा येणाऱ्या माणसाला ते सुधारत बसले नाहीत. त्यांनी मशीनला थांबायला शिकवलं.

गाण्यांचं काय सांगू? ठेका नाचायचा आणि शब्द रडायचे. एक गाणं तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, त्यात एक माणूस इथून सुट्टीवर गावी जातो. पोटची मुलगी दारात उभी असते. ती त्याला बघते आणि आत आईला हाक मारते, कुणीतरी काका आलेत. शब्द विजूचे. ठेका सतीशरावांचा, असा की पाय जागेवर राहत नाही. शेडमध्ये पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी डबा उघडता उघडता म्हटलं, आधी तुमचं ठरवा, माणसाने रडायचं की नाचायचं. सतीशराव भाकरी मोडत होते. म्हणाले, "काकू, इथल्या माणसाला दोन्हीसाठी वेगवेगळा शुक्रवार मिळत नाही."

ते खरं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं. कामगारांच्या एका कॅम्पात उघड्यावर कार्यक्रम होता. दिवस मावळला तरी वारा भट्टीसारखा. दुसऱ्या गाण्याला मशीन तापून गप्प झालं. सतीशराव घाबरले नाहीत. त्यांनी गाडीतून आइसबॉक्स आणला, त्यात मटारच्या फ्रोझन पिशव्या होत्या. त्या मशीनच्या पोटाखाली लावल्या, पंचा गुंडाळला आणि तापातल्या पोराजवळ बसावं तसे बसून राहिले. हात लावून लावून बघत होते. तेवढा वेळ विजूने गप्पा मारल्या, शिव्या दिल्या, पोरांना हसवलं. मशीन उठलं आणि मग ते काकाचं गाणं झालं. सगळी आपल्याकडची पोरं, रत्नागिरी, कुडाळ, चिपळूण, साइटवरचे कपडे बदलून आलेली. नाचत होती. हात वर करून नाचत होती आणि तोंडं भिजलेली. कुणी पुसत नव्हतं, कारण घाम की काय ते कोण विचारतंय. कुडाळकडचा एक वेल्डर नंतर सतीशरावांचा हात धरून उभा राहिला. "सायबानू," म्हणाला, "माजी पोरगी फोनार बाबा म्हणता. पण म्हणताना बघता आवशीकडे." सतीशराव परत जाऊन मशीनमागे उभे राहिले आणि तेच गाणं पुन्हा लावलं. माणसाची समजूत घालणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. उरलेले मटार मी दुसऱ्या दिवशी उसळीत घातले, ते सोडा.

ती विलायती जोडी मध्ये एकदा दुबईत आली होती. हे दोघं तिकीट काढून गेले. परत आले तेव्हा माझा विजू, ज्याचं तोंड झोपेतही बंद नसायचं, तो गप्प होता. सतीशराव तर काय, नेहमीच गप्प. मी विचारलं, काय झालं, वाईट गायले का? विजू म्हणाला, नाही आई, म्हातारे झालेत, पण अजून दोघं आहेत. मग सतीशरावांकडे बघून म्हणाला, आपण पण सत्तरीपर्यंत. सतीशरावांनी मान हलवली. झाला करार.

माझी नात सांगते की ते दोघं अजून गातात, अजून हॉल भरतात. गाऊ देत. माझं काही म्हणणं नाही.

विजू गेला तो दिवस शनिवार होता. तोवर इथली सुट्टी शुक्रवारवरून शनिवार-रविवारवर आली होती. सकाळी आमच्या नंतरच्या घरून, अल नहदाहून निघाला, रास अल खोरला तालमीसाठी. रस्त्यात छातीत कळ आली असावी. गाडी त्याने नीट बाजूला घेतली, इंडिकेटर लावला आणि तिथेच संपला. पोलिसांचा फोन माझ्या मुलीला, सुनीताला आला. सतीशरावांना सांगायचं काम मी घेतलं, कारण तिला बोलता येत नव्हतं.

मी फोन लावला. त्यांनी उचलला आणि मागे ते वाजत होतं. गाण्याची सुरुवात, तो गोल फिरणारा तुकडा. ते नेहमीसारखे मशीन लावून वाट बघत होते. विजूला उशीर झाला म्हणून त्याला फोन कोण करतो? मी सांगितलं.  मागे ते फिरतच होतं. फोन शेवटी मीच ठेवला.

पुढचे दिवस सगळं त्यांनी केलं. इथे माणूस मेला तरी त्याचा व्हिसा आधी मारावा, म्हणजे रद्द करावा लागतो, मग माणसाला नेता येतं. पोलीस, हॉस्पिटल, कॉन्सुलेट, प्रत्येक खिडकीवर उद्या या, बुकरा, बुकरा. सतीशराव प्रत्येक खिडकीसमोर तसेच उभे राहिले जसे स्टेजवर राहायचे. न हलता. शेवटी खिडकीतल्यांनाच कंटाळा आला. अग्नी द्यायला घरातला पुरुष नव्हता, विजूने लग्न केलं नाही, जावई तेव्हा कामासाठी बाहेरदेशी. मी सतीशरावांना म्हटलं, तुम्हीच द्या. त्यांनी दिला.

त्यानंतर दर शनिवारी ते आमच्याकडे यायला लागले. मला सुपरमार्केटात घेऊन जायचे, ट्रॉली ढकलायचे, दुधाची तारीख वाचून दाखवायचे, घरी सोडायचे. एसी गळत असला तर पुसून नीट करायचे. बोलणं जवळजवळ नाही. माझी नात मुक्ता म्हणाली, आजी, ही इज लाइक फर्निचर. मी म्हटलं, असू दे, फर्निचरवर टेकता तरी येतं.

एकदा मात्र बोलले. कोथिंबिरीच्या जुड्या बघत होतो. म्हणाले, काकू, त्या दिवशी मी त्याला फोन करायला हवा होता. मी जुडी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, केला असता तर त्याने सांगितलं असतं, पाच मिनिटांत आलो. मलाही तो तेच सांगायचा. त्यांनी कोथिंबीर ट्रॉलीत ठेवली. पण मशीनला हात लावला नाही. शेडची किल्ली मालकाला नेऊन दिली. कुणी कार्यक्रमाचं विचारलं तर नुसतं नाही म्हणायचे, कारण सांगायचे नाहीत.

मग यंदा त्यांची साठी आली आणि मंडळाचे अध्यक्ष आमच्या घरी आले. अध्यक्ष भले गृहस्थ आहेत, मनात वाईट काही नव्हतं. लॅपटॉप उघडून म्हणाले, आजी, हल्ली कॉम्प्युटर जुन्या रेकॉर्डिंगवरून माणसाचा आवाज तयार करतो. विजयरावांचा आवाज येईल, सतीशराव वाजवतील, जोडी पुन्हा उभी राहील. आणि नमुना लावला. लॅपटॉपमधून माझा मुलगा म्हणाला, नमस्कार मंडळी.

मी खाली बसले. पण तोंड शाबूत होतं. मी म्हटलं, यातला हा सकाळी हाक मारल्यावर उठत असेल तर सांगा, मी नाश्त्याचं बघते. अध्यक्ष ओशाळले. सतीशराव कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. त्यांनी सबंध ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "नको. हा वेळेवर येईल."

अध्यक्षांना समजलं नाही. मला समजलं. चहा पिऊन ते गेले. मला वाटलं, विषय संपला. गाणीही संपली.

गेल्या रविवारी दुपारी सतीशराव आले ते मशीन घेऊनच. त्याच्याबरोबर पिशवीत वायरी आणि ते पेडल. म्हणाले, सामानाचा कंटेनर परवा जाणार आहे, मी हे पुण्याला नेत नाही, तुमच्याकडे राहू दे. मी म्हटलं, मी काय यावर पापड वाळत घालू? ते उभेच राहिले. चेहरा असा, की मशीन कुठेतरी ठेवून नुसतं निघून जायचं आहे. मग मी म्हटलं, ठेवा. पण बंद पडलेली वस्तू मी घरात घेत नाही, चालते का ते दाखवून द्या.

यात काही युक्ती नव्हती. मी मिक्सर घेताना पण हेच म्हणते.

त्यांनी जेवणाच्या टेबलावर मशीन मांडलं. प्लग लावला. पेडल जमिनीवर ठेवलं. बटण दाबलं आणि तो तुकडा सुरू झाला. काकाच्या गाण्याची सुरुवात. तोच मशीनमध्ये राहिलेला होता, त्या शनिवारपासून. फिरायला लागला. सुनीता पळी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. मुक्ताने कानातले इअरफोन काढले. फिरतोय, फिरतोय. सतीशरावांचा पाय पेडलच्या वर, अधांतरी. दाबत नाहीत. डोळे त्यांच्या डाव्या बाजूला, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर. तिथे आमच्याकडे कॅलेंडर आहे. माझं लक्ष बाहेरच्या दाराकडे गेलं. खोटं कशाला सांगू, गेलं. तो असाच यायचा, सुरुवात सगळ्यांच्या डोक्यात बसून गेल्यावर, काहीतरी चघळत.

किती वेळ गेला सांगता येत नाही. सतीशरावांच्या कपाळावर घाम आला होता आणि एसी चालू होता. मला दिसलं की हा माणूस आता बटण बंद करणार आणि मग आयुष्यात परत लावणार नाही.

मी म्हटलं, "सतीश, तो येत नाही. दाब पाय."

त्याने दाबला.

गाणं पुढे गेलं. शब्दांच्या जागी काही नाही. त्या गाण्यात एका ठिकाणी, मुलगी आत हाक मारते तिथे, सतीशरावांनी सगळी वाद्यं मागे घेतलेली आहेत, विजूच्या आवाजाला वाट करून द्यायला. ती तिथे मागे सरली. वाट तशीच रिकामी राहिली. मग पुन्हा ढोल आला. मुक्ता रडत होती आणि तिचा पाय ठेक्यावर हलत होता. तिला कळतही नव्हतं. सतीशरावांनी शेवटपर्यंत वाजवलं. एक बोट चुकलं नाही. नुसती मान खाली होती.

मी चहा टाकला. कपात बघत त्यांनी विचारलं, मग हे ठेवू ना इथे? मी म्हटलं, अजिबात नाही, माझं जेवणाचं टेबल अडतंय, कार्यक्रमाला घेऊन या. त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, काकू, स्टेजवर मी कुणाचा खांदा बघू?

मी म्हटलं, माझा बघा. श्वास मलाही घ्यावा लागतो.

तेव्हा ज्यांनी ज्यांनी मला विचारलं त्यांना हे उत्तर. सतीशराव वाजवणार आहेत. आवाज कुणाचाही नसेल, कॉम्प्युटरचा तर नाहीच. मी पहिल्या रांगेत, सतीशरावांच्या डाव्या हाताला बसणार आहे. त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणी पर्स ठेवू नये आणि त्या वेळी कुणी मला तब्येत विचारायला येऊ नये. सुरुवात फिरायला लागेल आणि कदाचित फार वेळ फिरेल. घड्याळ बघू नका, टाळ्या वाजवून घाई करू नका, मशीन बिघडलं म्हणून त्या साउंडवाल्याला उठवू नका. सतीशरावांचं काही चुकत नाहीये. म्हातारी अजून तयार नाही, एवढंच समजा. शब्द ज्यांना पाठ आहेत त्यांनी मनात म्हणावेत. ज्यांना नाचावंसं वाटेल त्यांनी नाचावं, त्याला मी काही म्हणणार नाही.

सतीशरावांना शंभर वर्षं लाभोत असं मी लिहीत नाही. ऐंशीच्या पुढची मी बघतेय, त्यांत सांगण्यासारखं फार काही नाही. जितकी मिळतील तितकी धड जावीत. पुण्यात त्यांनी साखर वेळच्या वेळी तपासावी, नीलाताईंशी दिवसातून चार वाक्यं तरी बोलावीत आणि त्यांना आधी तो सोफा घेऊन द्यावा. शनिवारी मला फोन करावा, नाही बोलले तरी चालेल, मी बोलेन. देवाने त्यांचे कान तीक्ष्ण ठेवावेत आणि गुडघे मजबूत. आणि तो उजवा पाय ठणठणीत राहो. पुढे कधी मी नसेन, कुणाचाच खांदा समोर नसेल आणि सुरुवात नुसती फिरत राहील, तेव्हा त्यांना तो आपल्या आपण दाबता येवो.